बांधावरचं झाड नेमकं कुठल्या कुळातलं? पान, फूल, फळ बघून कसं ठरवायचं?

बांधावरचा
राम राम मंडळी. आमचं रान पन्हाळ्याच्या पायथ्याला आहे, वरच्या बांधाला एक झाड आहे, फार मोठं नाही. पानं समोरासमोर जोडीनं येतात, पान खुडलं की पांढरं दूध येतं, आणि आत्ता भाद्रपदात त्याला लांब हिरव्या बारीक शेंगा जोडीजोडीनं लोंबतायत. वडील म्हणतात कुडा, चुलते म्हणतात कुडा नव्हे, मी कुडा बघितलाय, आणि मोबाईलच्या ॲपनं एकदा तगर सांगितलं, एकदा जांभूळ. आता नुसतं नाव सांगून मोकळं होऊ नका, नाव उद्या विसरतो माणूस. मला पद्धत पाहिजे. झाड समोर आलं की ते कुठल्या खानदानातलं हे जाणती माणसं लांबनं बघून सांगतात ते कसं काय? शेंगा आहेत म्हणजे तूर-हरभऱ्याचं कुळ असं मी धरून चाललोय, बरोबर का?

तांबडा_पांढरा
धागा उघडला तर वाटलं कुळकायद्याचा आहे, सातबारा घेऊन आलो 🙂 बसतो आता, चालू दे.

जुना_मास्तर
बांधावरचा, वर्णन झकास केलंय, ॲपपेक्षा तुमचे डोळे बरे आहेत. पण शेंगेवरून तूर-हरभरा नाही. दोन गोष्टी लगेच आडव्या येतात. एक म्हणजे दूध. शेंगांच्या कुळातल्या झाडाचं पान खुडून असा पांढरा चीक भळाभळा येत नाही. दुसरं, त्या कुळात पानं बहुतेक एकाआड एक असतात आणि संयुक्त असतात, म्हणजे चिंच, शेवरी, तूर, पळस आठवा, एका देठावर अनेक पर्णिका. तुमचं झाड समोरासमोर साधी पानं देतंय.

आणि सगळ्यात मोठी खूण शेंगांची जोडी. तूर, वाल, बाभूळ, बहावा काहीही घ्या, एका फुलातून एकच शेंग निघते. तुमच्याकडे एका देठाच्या टोकाला दोन निघाल्यात म्हणजे त्या एका फुलाच्या दोन शेंगा आहेत, त्या फुलात बीजकोष आतून दोन सुटे भाग होते. शेंगांच्या कुळातली शेंग वाळून उकलली तर बहुतेक दोन्ही शिवणींनी उकलते, ही जोडीची शेंग एकाच शिवणीनं फाटते आणि आत बियांना रेशमी केसांचा झुपका असतो. रुईचं बोंड फुटल्यावर म्हाताऱ्या उडतात ना, तोच प्रकार.

दूध, समोरासमोर पानं, जोडीची शेंग, केसाळ बी. हे चार एकत्र आले की रुई-कण्हेरीचं कुळ, ॲपोसायनेसी. तगर, चाफा, सदाफुली, सप्तपर्णी, कुडा सगळी तिथलीच. ॲपनं तगर सांगितलं म्हणजे घर चुकलं तरी गल्ली बरोबर होती. जांभूळ मात्र काहीच्या काही.

रंकाळ्याची_पोरगी
सर पण चाफ्याची पानं समोरासमोर कुठं असतात, मी रोज टाऊन हॉलच्या बागेत चालायला जातो तिथं चाफा बघतो, फांदीच्या टोकाला नुसता गुच्छ असतो की.

जुना_मास्तर
पोरी, शंभर टक्के बरोबर. चाफा एकाआड एक, कण्हेर एका पेराला तीन, सप्तपर्णी एका पेराला सहा-सात. म्हणून एका खुणेवर कुळ ठरवायचं नसतं. चाफ्याच्या वेळी मग फूल बघायचं. उमलायच्या आधीची कळी हातात धर, पाकळ्या एकमेकींवर पिळून बसलेल्या दिसतील, मिटून गुंडाळलेल्या छत्रीसारख्या. सदाफुलीची कळी बघ, तगर बघ, कण्हेर बघ, सगळीकडं तोच पीळ. उमललं तरी प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी खाली असते. असा पीळ जास्वंदीतही असतो, पण जास्वंदीला दूध नाही आणि मधोमध पुंकेसरांची नळी उभी असते.

नर्सरीवाला_भाऊ
दूध आलं की लोक लगेच रुईच्या कुळात ढकलतात, थांबा जरा. वड, पिंपळ, उंबर, फणस यांनापण दूध आहे. थोर, शेर, पॉइन्सेटिया यांनापण आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं चीक येतोय म्हणजे विषारी आहे का, आता फणसाचं काय करायचं मग.

आमच्याकडं पोरांना शिकवताना असं सांगतो. दूध आलं की शेंडा बघा. वड-पिंपळाच्या शेंड्याला टोकदार टोपी असते, कोवळं पान त्या टोपीत गुंडाळलेलं असतं, टोपी गळली की फांदीवर गोल कडं राहतं. फणसाच्या फांदीवर ती कडी एकाखाली एक स्पष्ट दिसतात. टोपी नाही, कडं नाही, तर फळ बघा. एरंडाच्या कुळातलं असेल तर फळाला तीन फाका, एरंडाची बोंडं सगळ्यांनी बघितल्यात, तशीच तीन कप्प्यांची. आणि जोडीची शेंग असेल तर मास्तर म्हणतात ते.

शेराचा चीक डोळ्यात गेला तर वाट लागते, खुडाखुडी करताना हात धुवा. बिब्ब्याच्या झाडाला तर हातच लावू नका, अंगावर फोड येतात.

पत्रीवाली
मी शिकलेली नाही या विषयात पण आमच्या घरी पत्रीचा धंदा, आईच्या आधीपासून. गणपतीला महाद्वार रोडला बसतो आम्ही. एकवीस पत्रीत काय काय येतं ते पाठ आहे आणि हाताला कळतं कुठलं कुठलं ते. मास्तर, तुम्ही कुळं म्हणता ती आमच्या जुडीत बसतात का सांगा बघू.

मला एवढं ठाऊक आहे, तुळस आणि मरवा यांची काडी बोटात फिरवली की चार कडा लागतात आणि वास सुटतो. आघाड्याची काडीपण कडांची असते पण वास नाही, आणि त्याचा तुरा साडीला चिकटतो, दिवसभर वेचत बसायचं. अर्जुनाच्या पानाला जिथं देठ संपतो तिथं दोन बारीक गाठी असतात, त्यावरनं आम्ही ओळखतो, कारण कुणी दुसरंच पान आणून देतं आणि म्हणतं अर्जुन आहे. बोराचं पान पालथं केलं की पांढरं आणि बुडातनं तीन शिरा निघतात. बेल तर उजेडात धरायचा, बारीक बारीक ठिपके दिसतात.

जुना_मास्तर
पत्रीताई, तुम्ही अर्धा अभ्यासक्रम एका दमात सांगितलात. आता तुमच्या जुडीलाच कुळं लावतो.

तुळस, मरवा एकाच घरातल्या, लॅमिएसी. पुदिना, सब्जाही तिथलेच. चौकोनी काडी, समोरासमोर पानं आणि एक जोडी उभी तर वरची आडवी अशी चढत जातात, फूल दोन ओठांचं, आणि फळ म्हणजे सुक्या फुलाच्या तळाशी चार बारीक दाणे. तुळशीची मंजिरी चुरून तळहातावर घ्या, दाणे चार-चार मोजता येतात. आघाडा तुम्ही बरोबर बाहेर काढलात, तो राजगिरा-माठाच्या कुळातला, अमरँथेसी. कडा आहेत, पानं समोरासमोर आहेत, पण वास नाही आणि ओठांचं फूल नाही, नुसती कोरडी टोचरी कुसं.

बेलाचे ठिपके म्हणजे तेलाच्या ग्रंथी. लिंबू, कढीपत्ता, कवठ यांची पानं उजेडात धरा, तिथंही दिसतील. ते सगळं रुटेसी. फक्त पेरू आणि जांभळाच्या पानातही ठिपके असतात, तिथं फसू नका. ती पानं समोरासमोर येतात आणि कडेला लागून आत एक शीर पूर्ण पानाभोवती फिरते. लिंबाच्या कुळातली आपल्याकडची बहुतेक झाडं एकाआड एक पानांची.

धोत्रा आणि डोरली वांग्याच्या कुळातल्या. शमी आणि हादगा शेंगांच्या. रुई आणि कण्हेर आपल्या चर्चेतल्या. माका सूर्यफुलाच्या, दूर्वा गवताच्या, जाई पारिजातकाच्या घरातली. एका जुडीत इतकी घरं.

तांबडा_पांढरा
म्हणजे आपण इतकी वर्षं गणपतीला अख्खा वनस्पतिशास्त्र विभाग वाहत होतो आणि पत्ता नाही. नाद खुळा.

घाटवाटा
मसाई पठारावर आता फुलं आहेत म्हणून या धाग्यात घुसतोय. तिथं झाडं बोटाएवढी, पानांवरनं काय कळत नाही, मग फुलाचंच बघावं लागतं. कवला म्हणजे ते पिवळं फूल ज्याच्यावर दोन लाल ठिपके असतात, सगळे मिकी माऊस म्हणतात त्याला, ते शेंगांच्या कुळातलं कसं हे मला कुणीतरी तिथंच दाखवलं तेव्हा पटलं. वरची मोठी पाकळी उभी, बाजूला दोन पंख, खाली दोन पाकळ्या जुळून नावेसारखं झालेलं. वाटाण्याचं फूल, हादग्याचं फूल, पळसाचं फूल, सगळ्यात हाच साचा, फक्त आकार रंग वेगळे. एकदा कळलं की शेवरी काय, ताग काय, आपोआप दिसायला लागतं.

प्रश्न असा की गुलमोहर आणि बाभूळ पण शेंगांच्याच कुळात म्हणतात, त्यांची फुलं कुठं तशी आहेत?

जुना_मास्तर
घाटवाटा, ते एकाच घराचे वेगळे वाटे आहेत. बहावा, गुलमोहर यांची फुलं मोकळी, पाच पाकळ्या जवळपास सारख्या, नाव-पंख नाहीत. बाभूळ, शिरीष, लाजाळू यांच्या पाकळ्या नावापुरत्या आणि दिसतो तो पुंकेसरांचा गोंडा. फूल तीन तऱ्हांचं पण शेंग सगळ्यांची एकच. म्हणजे या कुळात फळ मोठं साक्षीदार. आणखी एक बघा, देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते. लाजाळू मिटते ती त्या गाठीमुळं, चिंच संध्याकाळी पानं मिटते तीपण. फुलं-शेंगा नसतील तेव्हा ही गाठ कामाला येते.

उलट तुमच्या सोनकीचं बघा. एक फूल म्हणून जे तोडता ते फूल नाहीच, फुलांचा पुंजका आहे. कडेची प्रत्येक पिवळी पाकळी एक फूल, मधला प्रत्येक ठिपका एक फूल. झेंडूची एक 'पाकळी' बुडापासून उपटा, तिच्या खाली काळं लांबट बी लागलेलं दिसेल, म्हणून झेंडूचं बी पेरताना आपण वाळकं फूल चुरडतो. सूर्यफूल, शेवंती, माका, सोनकी सगळं हेच. हे आणि ऑर्किडचं ही जगातली दोन सगळ्यात मोठी कुळं, शेंगांचं तिसरं.

बांधावरचा
मास्तर मग ते काँग्रेस गवत? आमच्यात गाजरगवत म्हणतात, पान डिट्टो गाजराचं.

जुना_मास्तर
पान गाजराचं, घर सूर्यफुलाचं. पांढरा ठिपका म्हणून जे दिसतं तो पुंजका आहे, भिंगातून बघा, कडेला पाच बारीक फुलं दिसतील. खऱ्या गाजराचं, कोथिंबिरीचं, बडीशेपेचं फूल आलेलं बघितलंय का? एकाच बिंदूतून सगळ्या दांड्या निघतात, प्रत्येक दांडीच्या टोकाला परत तसंच. आणि फळ म्हणजे धणा. बोटानं चोळला की दोन डाळिंब्या होतात. जिरं, ओवा, बडीशेप सगळं असंच जोडफळ.

पानाचं कातरकाम कुठल्याही कुळात होऊ शकतं. पानाचा आकार मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी पानांची मांडणी, मग दूध-वास-ठिपके, मग फूल, मग फळ. आणि लोक नेमकं आकारापासून सुरू करतात, ॲपसुद्धा तेच करत असणार असा माझा संशय.

रंकाळ्याची_पोरगी
म्हणून आमच्या कुंडीतला पानओवा आणि स्वयंपाकातला ओवा! वास सेम, पण पानओवा जाड लुसलुशीत समोरासमोर पानांचा, मी आत्ताच काडी फिरवून बघितली तर चौकोनी लागती. म्हणजे तो तुळशीकडचा?

जुना_मास्तर
अगदी. पानओवा तुळशीच्या कुळातला, ओवा कोथिंबिरीच्या. वासावर पण डोळे झाकून जायचं नाही.

उसाचा_डोळा
शेतकरी माणूस आहे, पुस्तकातलं काय कळत नाही पण एक शंका. आवळ्याचं पान चिंचेसारखं संयुक्त म्हणायचं का? दिसतं तर तसंच. आणि लव्हाळा गवतात मोडतो का नाही, कारण ऊसात तणनाशक मारताना दुकानदार म्हणतो ते गवत नव्हे, त्याला औषध वेगळं.

जुना_मास्तर
भावा, तुमच्या नावातच पहिलं उत्तर आहे. उसाच्या कांड्यावर पान जिथं चिकटतं तिथं डोळा असतो. सगळ्या झाडांना हाच नियम, पान जिथं सुरू होतं त्या कुशीत डोळा. चिंचेची एक बारीक पर्णिका घ्या, तिच्या बुडाला डोळा नाही. अख्ख्या दांडीच्या बुडाला आहे. म्हणजे ती दांडी धरून एक पान. आता आवळ्याची काडी घ्या, बहराच्या वेळी, प्रत्येक बारीक पानाच्या कुशीत फुलं लागलेली असतात. कुशीत फूल आलं म्हणजे ते पूर्ण पान, पर्णिका नव्हे, आणि काडी म्हणजे फांदी. भुईआवळा घरामागं असतोच, तो उलटा करून बघा, पानापानाखाली गोल फळं रांगेत. चिंचेच्या पर्णिकेखाली चिंच लागलेली बघितल्याय का कधी?

लव्हाळ्याबद्दल दुकानदार खरं बोलतोय. फुलाची दांडी बोटांत फिरवा, तीन कडा लागतात, आणि आतून भरीव. गवताची काडी गोल किंवा चपटी, पेरं असलेली, बहुतेक वेळा पोकळ. लव्हाळा, नागरमोथा सायपरेसी कुळातले. ऊस, हरळी, ज्वारी पोएसीतले. हरळी आणि ऊस एका घरातले म्हणून ऊस राखून हरळी मारणारं औषध मिळणं अवघड जातं, ते तुम्हाला मी काय सांगणार.

उसाचा_डोळा
ते लई चांगलं ठाऊक आहे. खुरपं जिंदाबाद.

नर्सरीवाला_भाऊ
फळावरनं एक सोपी खूण माझ्याकडनं. वांगं घ्या आणि पेरू घ्या. वांग्याची हिरवी टोपी देठाकडं आहे, पेरूचं वाळकं फूल टोकाकडं आहे. डाळिंबाचा मुकुट पण टोकाकडं. काकडी, दोडका, दुधी यांच्या मादी फुलाखाली चिमुकली काकडी आधीच दिसते, फूल तिच्या टोकावर. म्हणजे कुठं फळ फुलाच्या वर धरतं आणि कुठं खाली. एवढं एक बघितलं तरी निम्मी कुळं गळतात. कॉफी, इक्झोरा, अनंत, मुसांडा हे सगळं खाली धरणारं, आणि त्यांच्या समोरासमोरच्या दोन पानांच्या देठांमध्ये फांदीवर एक बारीक त्रिकोणी खवला असतो. तो खवला दिसला की मी डोळे मिटून रुबिएसी म्हणतो.

घाटवाटा
कारवीचं कुठलं मग? समोरासमोर, फूल ओठांचं वाटतं, काडीपण कोपऱ्याची, तुळशीकडं जाते का?

जुना_मास्तर
नाही, अडुळशाकडं, ॲकँथेसी. कोरांटी, अबोली तिथल्याच. हे तुळशीचे सगळ्यात फसवे शेजारी. फरक फळात. तुळशीकडं चार दाणे, अडुळशाकडं सुकं बोंड जे तडकून दोन फाकांत फुटतं आणि बी लांब फेकतं. आत प्रत्येक बियाखाली एक आकडा असतो. रस्त्याकडेला जांभळ्या फुलांचं झुडूप असतं, त्याच्या वाळक्या शेंगा पोरं पाण्यात टाकतात आणि फट्ट करून फुटतात, तेही याच घरातलं. कारवी सात वर्षांनी फुलते म्हणून मधल्या काळात फूल मिळणार नाही, तेव्हा पेरावरचा फुगवटा आणि वाळकी बोंडं शोधा.

रंकाळ्याची_पोरगी
सर रुईचं कुळ वेगळं असतं असं आम्हाला शिकवलंय. ॲस्क्लेपिएडेसी. तुम्ही कण्हेरीत घातलं.

जुना_मास्तर
आम्हीपण तसंच शिकलो आणि तसंच शिकवलं. 1998 पासून एपीजी म्हणून नवी मांडणी आली, डीएनएवर आधारलेली, 2016 ला तिची चौथी आवृत्ती. त्यात रुईचं कुळ कण्हेरीच्या कुळात विलीन. साग, निर्गुडी, शिवण घाणेरीच्या कुळातून उठून तुळशीत गेल्या. काटेसावर आणि गोरखचिंच जास्वंदीत आले. आवळा एरंडातून बाहेर पडला, आणि बघा, आवळ्याला दूध नव्हतंच. जुनी पुस्तकं फेकू नका, वर्णनं तीच आहेत, फक्त पाटी बदलली.

खर्पुडीच्या वेली पण आता कण्हेरीच्या कुळात. आपल्या शिवाजी विद्यापीठात खर्पुडीवर मोठं काम झालंय, लीड बोटॅनिक गार्डनमध्ये तिच्या कितीतरी जाती जपल्यात. फूल कंदिलासारखं, माशी आत शिरली की केसांमुळं काही वेळ अडकते. पण फळ? जोडीची शेंग आणि केसाळ बी. बांधावरच्या झाडाची ती लांबची बहीण.

पत्रीवाली
बांधावरचा, तुमचं झाड कुडाच आहे की. पण कुठला ते शेंगांची टोकं बघून सांगा. आमच्याकडं पाला आणणारे मामा सांगायचे, पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुट्या लोंबतात आणि काळ्याच्या टोकाला चिकटलेल्या.

जुना_मास्तर
मामांना नमस्कार सांगा. अगदी तेच. दोघंही याच कुळातले पण प्रजाती वेगळ्या. पांढरा कुडा होलॅऱ्हीना, त्याचं बी ते कडू इंद्रजव. काळा कुडा रायटिया, त्याच्या दोन शेंगा कोवळेपणी टोकाला जुळलेल्या असतात आणि पिकल्यावर सुटतात. फुलातही फरक, काळ्या कुड्याच्या फुलात मध्ये झालर असते आणि परागकोष सुळक्यासारखे बाहेर येतात, पांढऱ्याच्या नळीत ते लपलेले. चन्नपट्टणची लाकडी खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची.

बांधावरचा
जाऊन आलो. टोकं चिकटलेली आहेत, सगळ्या जोड्यांची, कमानीसारखा आकार होतो. एक जोडी तोडून फाडली, दूध आलं, आत कोवळ्या बियांना पांढरे केस धरलेत. म्हणजे काळा कुडा. वडील म्हणतात बघ कुडाच निघाला, चुलते म्हणतात बघ आपला कुडा नव्हे, दोघंही खूश. त्या झाडाखालीच एक वेल आहे, पान हृदयासारखं, तणावे आहेत, दूध नाही, फूल अजून नाही.

जुना_मास्तर
तणावे कुठून निघतात ते बघा. पानाच्या बाजूनं निघत असतील तर काकडीचं कुळ शक्य आहे, पानाच्या समोरच्या अंगानं निघत असतील तर द्राक्षाचं. फूल आल्यावर फोटो टाका, पण वरून नको. बाजूनं एक आणि उलटं करून एक, फळ कुठं धरतंय ते दिसलं पाहिजे.